तुम्ही विचारलंत म्हणून: इतिहासाच्या माणसाला कॉम्प्युटरवरचे नकाशे कशाला?

धुळ्यात कुठेही ओळख करून दिली की हा प्रश्न येतोच. उत्तर पांझरा नदीच्या काठचं आहे.

पांझरेवरची पाणीवाटपाची फड पद्धत ३००-४०० वर्षं जुनी मानतात. नदीत दगडी बंधारा, त्यातून काढलेला पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे भाग, म्हणजे फड. एका फडात सगळ्यांचं पीक एकच, आणि ते दरवर्षी पाळीने बदलायचं. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्येही या बंधाऱ्यांची माहिती सापडते. पण हे वाचून पाण्यावरून भांडण का होत नसे, ते कळत नाही. क्यूजीआयएस या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गावनकाशा चढवला आणि एकेका खातेदाराला एकेक रंग दिला, तेव्हा तोच रंग वरच्या फडात दिसला, मधल्यात दिसला आणि शेवटच्यातही. पाणी कमी पडून एखादा फड कोरडा ठेवला, तर झळ सगळ्यांनाच थोडी थोडी.

जुना नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर बसवायला न हललेल्या खुणा लागतात. नदीचा काठ कामाचा नाही, तो पुरागणिक सरकतो. देऊळ चालतं, गावठाणाचा कोपरा चालतो आणि शाबूत असेल तर बंधारा सगळ्यात उत्तम.

उपग्रहावर मात्र फार भिस्त ठेवू नये. मे महिन्यात हिरवा पट्टा दिसला की पाट चालू आहे असं नवख्याला वाटतं. ते पाणी बोअरचंही असतं. शिवाय कोणाची पाळी कधी, पाटकऱ्याने कोणाला पाणी आधी सोडलं, हे कुठल्याच चित्रात येत नाही. त्यासाठी प्रिंट घेऊन पारावर बसावं लागतं. ‘हाई आमनं वावर शे,’ म्हणत एखादे बाबा बोट ठेवतात आणि मग तासभर ऐकायचं.

नकाशाचा खातेदारांची नावं असलेला थर मी कोणाला देत नाही, विद्यार्थ्यांनाही नाही. मोबाइलच्या जीपीएसमध्ये काही मीटरचा फरक सहज पडतो. बंधारा दाखवायला तेवढा चालतो, बांध दाखवायला नाही. आणि भाऊबंदकीचा दावा चालू असलेल्या घरात माझी रंगीत प्रिंट पोचली, तर ती दुसऱ्या दिवशी वकिलाच्या फाइलीत असेल.