घर गंगेवर

(दहावी, 1986)

मराठीच्या बाईंनी पहिल्याच तासाला विचारलं, "घर कुठे रे तुझं?" मी म्हणालो, "गंगेवर." आपल्या नाशकात गोदावरीला गोदावरी फक्त भूगोलाच्या पेपरात म्हणतात.

"गंगेवर? म्हणजे होडीत राहतोस?" वर्ग खिदळला. मी कानकोंडा.

बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'गंगायां घोषः'. गंगेवर गवळीवाडा. संस्कृत काव्यशास्त्रातलं हे लक्षणेचं ठरलेलं उदाहरण, आणि मी ते न शिकताच बोलून बसलो होतो. प्रवाहावर वस्ती होत नाही, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ, अभिधा, इथे अडतो. मग आपण मुकाट्याने 'काठावर' असं समजून घेतो, ती लक्षणा. "मग सरळ काठावरच का नाही म्हणायचं?" मागच्या बाकावरून आवाज आला. बाई खूश! 'गंगेवर' म्हटलं की गारवा आणि पावित्र्य न सांगता सोबत येतं, 'काठावर'मध्ये ते येत नाही. ती व्यंजना. शब्दाच्या या तीन शक्ती. (आमच्या घरी गारव्यासोबत डासही यायचे. ते कोणत्या शब्दशक्तीत बसतात, हे विचारायची छाती झाली नाही.)

वृत्तं आम्ही बाकावर ठोकून शिकलो. समर्थांची टाकळी सायकलच्या टप्प्यात, मनाचे श्लोक बहुतेकांना पाठ. 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे': ल-गा-गा (लघू-गुरू-गुरू) चार वेळा, म्हणजे चार य गण, 12 अक्षरं, भुजंगप्रयात. 'सज्जना'तला स ऱ्हस्व असून गुरू कसा, यात माझे गुण गेले. पुढच्या जोडाक्षराचा आघात त्याच्यावर येतो म्हणून.

अलंकार शिकवताना मात्र चंद्र आणि मुख बाईंना वर्ज्य. ऑगस्टात नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की आम्ही पूर बघून चिखलाच्या पायांनीच वर्गात यायचो. "कसं होतं पाणी?" "चहासारखं." ही उपमा. "जणू चहाच" म्हटलं की उत्प्रेक्षा. "गंगा म्हणजे उतू चाललेलं चहाचं पातेलं", रूपक. "ते पाणी नव्हेच, चहा!", अपन्हुती. एका पुरात चार अलंकार उरकले. 'चहात साखर किती?' असं एकाने विचारलं, त्याला वर्गाबाहेर उभं केलं. तो अलंकार कोणता, ते बाईंनी सांगितलं नाही.

2008 च्या सप्टेंबरात पाणी सराफ बाजारात चढलं. आमच्या वाड्याच्या तळघरातले पाट, पिंपं, जुन्या वह्या तरंगायला लागल्या. मी जिन्यावर गुडघाभर पाण्यात उभा असताना मोबाइल वाजला. बाई. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, आवाज तोच.

"घर कुठे आहे रे तुझं?"

"गंगेत, बाई."

"शब्दशक्ती?"

"अभिधा."

"बरोबर. आता वर जा आधी."