लोकर घेऊन संकलन केंद्रावर: प्रतवारीच्या टेबलाशी चार तास

"वजन भरलं की झालं," असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवला आणि कातरलेली सगळी लोकर गोण्यांत दाबून भरून पहाटे निघालो. रस्ता चांगला आहे, त्याची काळजी नको. काळजी करायची ती सहकारी संस्थेच्या केंद्रावरच्या प्रतवारीच्या टेबलाची.

पहिलीच गोणी तिथे उलटी केली गेली. वर पाठीची लांब, स्वच्छ लोकर, मध्ये पोटाची आखूड, तळाशी शेपटीकडची लेंड्या चिकटलेली. अख्खी गोणी शेवटच्या प्रतीत. मी भांडलो, पण कारण ऐकून गप्प बसलो: संस्था सगळ्या सभासदांचा माल एकत्र करून एकच मोठा लॉट विकते, आणि एका गोणीतली घाण सगळ्यांचा भाव पाडते.

त्याहून मोठा फटका गोण्यांनीच दिला. आम्ही प्लास्टिकच्या विणलेल्या गोण्या वापरल्या होत्या. त्यांचे धागे सुटून लोकरीत मिसळतात, धुऊन निघत नाहीत, रंग धरत नाहीत आणि थेट कापडात दिसतात. चार तास आम्ही ते हाताने वेचत होतो. बोटं सुजली, तरी दोन गोण्या परत आणाव्या लागल्या. कसल्या पोत्यात माल चालतो हे संस्थेला आधी विचारा, कातरणीच्याही आधी.

ओल्या मालाचं तर नावच काढू नका. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसऱ्या हिश्शाइतकं पाणी पिते आणि तरी हाताला कोरडी लागते. तशीच दाबून ठेवली की पिवळी पडते. दव पडत असेल तर गाडीवर ताडपत्री हवीच.

आता पैसे. काट्यावरचे किलो म्हणजे तुमचे पैसे नव्हेत. नमुना धुऊन उतारा, म्हणजे स्वच्छ लोकर किती उरते ते, काढतात. मेण, घाम, माती गेल्यावर 100 किलोंचे 60 उरले तरी नवल नाही. तंतूची जाडी मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग) मोजतात, भाव मुख्यतः त्यावर. त्या दिवशी हाती येते ती फक्त पहिली उचल, बाकी लॉट विकल्यावर. त्यातूनही तोलाई, तपासणी, वाहतूक आणि भागभांडवलाची, म्हणजे संस्थेतल्या आपल्या हिश्शाची, कपात. ही कपात मला पावतीवरच कळली, याचा राग अजून गेलेला नाही. कपातींची यादी आधी लेखी मागा, सभासदाचा तो हक्क आहे.

आठवड्यात रोख हवी असेल तर इथे जाऊ नका. थांबायची तयारी आणि निवडलेला माल असेल तर जरूर जा. थोडी लोकर एकट्याने विकायला गेलं तर मोठा खरेदीदार दारातही उभं करत नाही. आमची पुढची कातरणी झाडलेल्या फरशीवर, पांढऱ्या मेंढ्या आधी, काळ्या शेवटी. पाठ, पोट आणि शेपटीकडची लोकर तिथेच वेगवेगळ्या पोत्यांत.