डबा अजून माझ्याकडंच आहे

साडेअकरा वाजलेत आणि झोप येत नाहीये. ओट्यावर मावशींचा स्टीलचा डबा धुऊन पालथा घातलाय. झालं तसं काहीच नाही, सांगायला गेलं तर दोन मिनिटांत संपेल, पण दुपारपासून नुसतं घशाशी येऊन बसलंय ते.

लेंटमधला, म्हणजे ईस्टरआधीच्या आमच्या उपासाच्या दिवसांतला, तिसरा शुक्रवार आज. यावर्षी ठरवलं होतं की तीनच गोष्टी करायच्या पण नेमानं करायच्या. पहाटे पंधरा मिनिटं गप्प बसायचं, काही मागायचं नाही, नुसतं प्रभूसमोर बसायचं. शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत फक्त पाणी. आणि रोज भात टाकताना मूठभर तांदूळ बाजूला काढायचे, आजी काढायची तसे. चाळीस दिवस, म्हणजे भस्म बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजले तर 46 होतात पण रविवार धरायचे नाहीत, तो पुनरुत्थानाचा वार, त्या दिवशी उपास नसतो. हे पप्पा दरवर्षी बोटं मोडून मोजून दाखवायचे. यावर्षी माझं मीच मोजलं. असो.

तर सकाळचं गप्प बसणं कसलं, पंधरातली बारा मिनिटं मी मनातल्या मनात घरातल्यांशी भांडत होते. गेल्या दोन्ही शुक्रवारी हेच झालं. ह्यांनी पोहे खाल्ले, पोरानं पोहे खाल्ले आणि बशी तिथंच ठेवून गेला, तू खाल्लंस का म्हणून एकानंही विचारलं नाही. मी तीन शुक्रवार उपाशी राहतेय या घरात आणि कुणाच्या लक्षातसुद्धा नाही. डोकं दुखत होतं, केसाला तेल नाही, तसेच बांधले आणि गेले कामावर. रिक्षात रडू येत होतं, खरं सांगते.

मार्केट यार्डात आता हळदीचा सीझन, मान वर करायला वेळ नाही. सौदे झाले की पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पावत्या, करायच्या, दारात शेतकरी थांबलेले, पोती इकडून तिकडं, आणि ती धूळ, संध्याकाळी रुमाल पिळला तर पाणी पिवळं निघतं. हळद निवडायला येतात त्यातल्या मावशी पाणी प्यायला आत आल्या आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "ताई, तोंड का उतरलंय? बरं न्हाई का?"

"उपास आहे."

किती पटकन निघालं तोंडातनं. जणू सकाळपासून कुणीतरी विचारायचीच वाट बघत होते. वाट बघतच होते, जणू काय त्यात. दुपारपासून हेच डोक्यात फिरतंय. खिचडीचं नंतर, आधी हे की मी सांगितलं, आणि सांगितल्यावर मला बरं वाटलं.

एकच्या सुट्टीत मावशी डबा घेऊन आल्या. हात मनगटापर्यंत पिवळे, म्हणून डबा पदरात धरलेला. "घ्या. माझाबी शुक्रवार अस्तोय. खिचडीच हाय, उपासाचीच हाय."

आणि मी म्हणाले, "नको मावशी, आमचा उपास वेगळा असतो. पाण्याशिवाय काहीच नाही."

वेगळा. तो शब्द मी ज्या आवाजात म्हटला तो आवाज मला अजून ऐकू येतोय. मावशी रागावल्या नाहीत, तेच तर. "मग तीननंतर खावा की," म्हणाल्या आणि डबा पट्ट्यांच्या गठ्ठ्यावर ठेवून गेल्या. थोड्या वेळानं बाहेर गेले तर त्या पोत्याला टेकून बसलेल्या आणि डब्याच्या झाकणातनं खात होत्या. चार घास असतील झाकणात. बाकी सगळी खिचडी माझ्या टेबलावर.

तीन वाजले. प्रभूनं प्राण सोडला ती वेळ, पप्पा बरोबर तीनला एक मिनिट डोळे मिटायचे आणि मग चहा घ्यायचे. मी डोळेही मिटले नाहीत आणि डबाही उघडला नाही. म्हटलं आता रात्रीपर्यंतच ओढू. कशासाठी ओढलं, कुणाला दाखवायचं होतं, काय कळत नाही.

घरी येऊन बायबलमधला मत्तयाचा सहावा अध्याय काढला. त्या पानावर माझ्याच अंगठ्याचा पिवळा डाग आहे, म्हणजे हे पान मी वाचलंय, चांगलं कितीदातरी वाचलंय. दान, प्रार्थना, उपास, येशू तिन्हींबद्दल ओळीनं बोलतो आणि तिन्हींना अट एकच, लोकांना दिसावं म्हणून करू नका. उपासाला तर स्पष्ट म्हणतो की तोंड धुवा, डोक्याला तेल लावा. तेल! मी हे नेहमी काहीतरी जुन्या काळातलं म्हणून पुढं सरकायचे. आजी शुक्रवारी खोबरेल तेल चोपडून घट्ट वेणी घालायची, आम्हा पोरांना तर वाटायचं आजी कुठंतरी गावाला निघालीय. तिचा उपास असायचा हे मला लग्नानंतर आईकडनं कळलं. आणि मुठीचे तांदूळ कुठं जायचे ते तर शेवटपर्यंत कळलं नाही, विचारलं की म्हणायची, जातात तिथं जातात.

भस्म बुधवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी बायबलमधल्या यशयाचा 58वा अध्याय वाचला होता. भुकेल्याला आपल्या भाकरीतली भाकर देणं, देवाला असला उपास हवा असतो. तेव्हा मान डोलावली मी, पहिल्याच बाकावर होते. आणि आज तर उलटंच झालं, दिवसभर हळद निवडणारी बाई आपल्यातलं मला देत होती आणि मी तिला वेगळेपणा सांगत बसले. आमच्या इथून जवळच साताऱ्यात कवी ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये देवाचा दरबार म्हणून ख्रिस्तभक्तांची एक मंडळी उभी केली, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, येशूवर प्रेम करणाऱ्या दोघांनाही जागा होती. पप्पांचा फार जीव त्या गोष्टीवर. मीही पोराला सांगितलीय ती, अभिमानानं.

साडेनऊला डबा उघडला. साबुदाणा गोळा होऊन बसलेला, वर दाण्याचं कूट आणि एक अख्खी हिरवी मिरची. पाण्याचा हबका मारून गरम केली. हे आत टीव्ही बघत होते, मी ओट्यापाशी उभ्यानंच डोळे मिटले. मावशींचं नाव आलं मनात, त्यांचा दुखरा गुडघा आला. बाकी काहीच आलं नाही, मागावंसंही वाटलं नाही. किती वेळ उभी होते कोण जाणे, खिचडी परत गार झाली होती. तशीच खाल्ली, सगळी.

बशीबद्दल आता राग नाही. मीच कुणाला सांगितलं नव्हतं तर विचारणार कोण, आणि न सांगणंच तर ठरलं होतं. पुढच्या शुक्रवारी तोंड धुवून, केसाला तेल लावून जायचं, बाटली आत्ताच आरशापाशी काढून ठेवलीय. पहाटेचं बसणंही सोडायचं नाही, भांडण झालं तर होऊ दे, बसायचं.

आता प्रश्न डब्याचा. रिकामा कसा देणार. मुठीच्या तांदळाचा डबा उघडून बघितला, पण ते नको, ते दिले की परत सगळं सांगणं आलं. रव्याचे लाडू करावेत म्हणते रविवारी. पण मावशींना गोड चालतं का, साखरेचा त्रास आहे का, काहीच ठाऊक नाही मला, चार सीझन झाले एका छपराखाली आहोत. उद्या आधी ते विचारते.