माळवदाची माती, तीन मशीनं आणि उंबऱ्याखालचा रुपया

आमचं गाव औसा तालुक्यातलं. जुनं घर सहा खणांचं, दगडी भिंतींचं, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यात मागची भिंत फाकली. त्या दिवसापासून आमच्या घरातलं कुणी माळवदाखाली झोपलं नाही. पुढं पत्र्याच्या खोल्या झाल्या आणि मागं ते घर तसंच उभं राहिलं. गेल्या उन्हाळ्यात ते उतरवायचं ठरलं, तेव्हा आत्या म्हणाली, "उतरवा, पण चौकटीखालचा रुपया बगा. माझ्या आज्ज्यानं ठिवलाय तिथं."

तिचा आज्जा म्हणजे माझे पणजोबा. घर बांधताना चौकटीखाली नाणं ठेवायची रीत आमच्याकडं आजही आहे. पण आत्याला रुपया चौकटीच्या कुठल्या अंगाला, किती खोल, हे माहीत नव्हतं. जेसीबी लावला असता तर तो ढिगाऱ्यात कायमचा गेला असता. म्हणून मी मेटल डिटेक्टरच्या नादी लागलो.

पहिलं मशीन साडेतीन हजारांचं, ऑनलाइन मागवलेलं. अंगणात फिरवलं तर जिथं तिथं बीप. खणलं की काळा दगड, नाहीतर काहीच नाही. दोन दिवसांत चौदा खड्डे झाले आणि हाती एक नाल आणि बैलाच्या झुलीचं घुंगरू लागलं. मला वाटलं, मशीनच खराब निघालं. तसं नव्हतं. आपला बहुतेक मराठवाडा दख्खनच्या लाव्ह्यावर बसलेला आहे. त्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे लोहाचं चुंबकीय खनिज असतं. दगड झिजून काळी माती झाली तरी ते मातीत राहतंच. डिटेक्टरची कॉइल, म्हणजे खालची गोल चकती, जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते आणि परत आलेल्या बदलावरून धातू ओळखते. इथं नाण्याच्या आधी मातीच उत्तर द्यायला लागते. या मातीला गप्प करण्याला ग्राउंड बॅलन्स म्हणतात. माझ्या मशीनमध्ये तो कारखान्यातच ठरवून दिलेला होता, आपल्याला बदलता येत नव्हता.

मग लातूरच्या एका मित्राचं दुसरं मशीन आणलं. ते एकाच फ्रिक्वेन्सीचं, पण त्यात ग्राउंड बॅलन्सचं बटन होतं. स्वच्छ जागा बघून बटन दाबून धरायचं आणि कॉइल जमिनीपासून वीतभर वर-खाली, वर-खाली करत राहायची. आवाज एकसारखा झाला की सोडायचं. तिसरं मशीन त्याच्याच ओळखीच्या एकाकडून आठवड्याच्या बोलीवर मिळालं. ते एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणारं. कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही. माझ्या मातीत जे जमलं ते दुसऱ्याच्या मुरमाड रानात तसंच जमेल याची खात्री मी देऊ शकत नाही, आणि नाव वाचून कुणी पैसे घालावेत असं मला वाटत नाही.

तुलना कशी करायची यावर मी बराच विचार केला. मोबाइलवरच्या व्हिडिओत लोक नाणं हातात धरतात, त्यावरून कॉइल फिरवतात आणि इतके इंच पकडलं म्हणून सांगतात. हवेतली ती चाचणी आपल्याकडं फसवी आहे. हवेत दहा इंचांवरून वाजणारं नाणं काळ्या मातीत पाचावर मुकं होतं, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. म्हणून परसात गोठ्यामागं दोन वाफे केले. एकात रानातली काळी, दुसऱ्यात माळवदावरून उतरवलेली पांढरी. घरच्या डब्यातली माहीत असलेली नाणी घेतली: एक हाली रुपया, एक भोकाचा पैसा, एक दशमान नाण्यांच्या सुरुवातीचा 'नवा पैसा' आणि सोबत एक वाकडा खिळा. दोन, चार, सहा आणि आठ इंचांवर पुरली, प्रत्येकाजवळ तुराटीची काडी रोवली आणि वहीत नकाशा काढला. ज्याला मशीन घ्यायचंय त्यानं आधी एवढं करावं, असं मी कळकळीनं सांगेन. तीन दिवसांत जे कळलं ते कुठल्याही माहितीपत्रकात नव्हतं.

हाली रुपया म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा. वजन सव्वाअकरा ग्रॅमच्या जरा आत, चांदी 81.8 टक्के. एवढा मोठा चांदीचा तुकडा, त्यामुळं तिन्ही मशीनं त्यावर वाजणार असं धरून होतो. काळ्या वाफ्यात सहा इंचांवर पहिलं मशीन गप्प. दुसरं वाजलं, पण धातू ओळखायला पडद्यावर येणारा आकडा दर वेळी वेगळा. तिसऱ्यानं चारही बाजूंनी एकच आकडा दाखवला. पांढऱ्या वाफ्यात मात्र दुसरं आणि तिसरं जवळजवळ बरोबरीचे निघाले. भोकाचा पैसा, म्हणजे 1943 ते 1947 या काळातला तो दोन ग्रॅमचा पातळ पैसा, काळ्यात चार इंचांखाली एकालाही नीट सापडला नाही.

आणखी एक गोष्ट मला उलटी वाटली होती. सेन्सिटिव्हिटी वाढवली की खोलवरचं दिसेल, असा माझा समज. आमच्या मातीत ती पूर्ण वाढवली की मशीन नुसतं बडबडतं आणि त्या बडबडीत नाण्याचा खरा आवाज बुडतो. दोन-तीन पायऱ्या खाली आणल्यावर सहा इंचांवरचा रुपया स्पष्ट ऐकू आला.

एवढ्यात गावात बोभाटा झाला. चहाच्या टपरीवर लोक विचारायला लागले, "काय शोधायलास रे, हंडा सापडला का?" एक जण रात्री घरी आला. म्हणाला, त्याच्या शेतात पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं, टेकाड आहे, अमावास्येला एका बाबाला घेऊन जाऊ, तुझं मशीन आण, अर्धं अर्धं करू. मी स्पष्ट नाही म्हणालो. गुप्तधनाच्या नावाखाली होणाऱ्या अघोरी प्रकारांना 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं शिक्षा आहे, आणि त्या कायद्याच्या आधीही हे पापच होतं. पांढरीच्या टेकाडाचं मला वेगळं दुःख आहे. तेर, पैठण, भोकरदन इथल्या जुन्या वस्त्यांच्या थरांतूनच सातवाहन काळ आपल्याला कळला. नाणं ज्या थरात पडलंय त्या थरासकट ते पुरावा असतं. रातोरात उकरून काढलं की शिशाची एक चकती उरते. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात जाऊन बघा, एका गावच्या मातीत किती काय असतं ते. संरक्षित किल्ल्यांच्या, स्मारकांच्या, टेकाडांच्या आसपास मशीन घेऊन फिरूच नये. मी शोधत होतो ते फक्त आमच्या पडलेल्या घरात.

माळवद हातानं उतरवलं. वरची माती, मग पाला, किलचनं, सर, शेवटी तुळया. ही माती पांढरीची असते. ती पाणी धरून ठेवते, खाली गळू देत नाही, म्हणून घरावर टाकायला पूर्वी जुन्या गावठाणातून गाड्यांनी आणायचे. म्हणजे शेदीडशे वर्षांपूर्वी कुणाच्या कनवटीचा पैसा गावठाणात पडला असेल तर तो आमच्या डोक्यावर येऊन बसलेला असू शकतो. माती अंगणात हातभर रुंदीच्या पट्ट्यात, चार बोटं जाड पसरली आणि तिच्यावर मशीन फिरवलं.

इथं तिसऱ्या मशीनचा खोलीचा फायदा काही कामाचा नव्हता. अडचण खिळ्यांची होती. जुन्या घरात पावलापावलाला लोखंड. मोठ्या कॉइलखाली एकाच वेळी तीन खिळे आणि एक नाणं येतं आणि लोखंडाच्या आवाजात नाणं झाकलं जातं. मित्राकडं दुसऱ्या मशीनला बसणारी पाच इंची लहान कॉइल होती, ती लावली आणि खरं काम तिथून सुरू झालं. वेळ तिप्पट लागला. भाचा मागं घमेलं आणि चाळणी घेऊन, मी पुढं. गुटख्याच्या पुड्यांचा आकडा खाली येतो, तांब्या-चांदीचा वर. पण ॲल्युमिनियमच्या पातेल्याचा जाड तुकडा थेट पैशासारखा बोलतो, त्याला इलाज नाही, उकरूनच बघावं लागतं.

पाच दिवसांत सात नाणी निघाली. तीन इतकी झिजलेली की नुसत्या तांब्याच्या गोळ्या. दोन ढब्बू पैसे. दोन निजामाच्या दोन पै. त्यातले ढब्बू पैसे आत्यानं मी बघायच्या आत चिंचेनं घासून लख्ख केले. तिनं मायेनं केलं, पण हिरवट कवचाबरोबर उरलीसुरली अक्षरंही गेली. जुन्या नाण्याला चिंच, राख, लिंबू काही लावू नका. साध्या पाण्यात भिजवून माती सुटू द्यायची, बस्स.

चौकट शेवटच्या दिवशी काढली. उंबरा सागवानी, त्याखाली घडीव दगड. उंबऱ्याच्या लोखंडी पट्ट्या काढून लांब ठेवल्या, ग्राउंड बॅलन्स पुन्हा केला आणि डावीकडून हळूहळू आलो. काही नाही. उजव्या कोपऱ्यात एकच आवाज आला, गोल, भरीव, दोन्ही बाजूंनी सारखा. वाफ्यातल्या रुपयाचा आकडा वहीत होता, त्याच्यापेक्षा एकानं कमी. मी खुरपं भाच्याच्या हातात दिलं नाही. दगड सरकवून बोटांनी माती काढली. चुनखडीच्या खड्यांत, हळदीकुंकवाचा रंग राहिलाय की काय असं वाटणाऱ्या मातीत, तो आडवा पडलेला होता. काळपट, कडा शाबूत. चारमिनार दिसत होता. आत्या ओट्यावर बसली होती. तिनं तळहातावर घेतला आणि बराच वेळ काही बोलली नाही.

शेजारचे अण्णा निजामाच्या काळात उर्दू शाळेत होते. त्यांनी भिंग लावून चारमिनारच्या कमानीतलं अक्षर वाचलं. "मीम हाय. मीम म्हणजे महबूब अली. उस्मान अलीच्या रुपयावर ऐन असतंय." सन त्यांनी बोटानं एकेक आकडा दाखवत सांगितलं, हिजरी 1324, म्हणजे इसवी 1906-07. आमच्या घरात सगळे घर उस्मान अलीच्या, म्हणजे महबूब अलीनंतरच्या निजामाच्या, राज्यात बांधलं असं सांगायचे. अर्थात नाणं जुनं म्हणून घरही तेवढंच जुनं असं म्हणता येत नाही, पणजोबांनी गाठीला बांधलेला जुना रुपयाही ठेवला असेल. पण घर 1906 च्या आधीचं नाही, एवढं पक्कं झालं.

दुसऱ्या दिवशी अर्ज लिहिला. भारतीय निखात निधी अधिनियम 1878 सालचा आहे आणि त्यात मर्यादा फक्त दहा रुपयांची आहे. जमिनीत दडलेलं त्याहून जास्त किमतीचं काही सापडलं तर काय सापडलं, किती किमतीचं, कुठं आणि कोणत्या तारखेला, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. नाणं घरच्याच माणसानं ठेवलेलं असलं तरी ते आपण ठरवायचं नाही, असं मला वाटलं. शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या पुरावशेष कायद्यातही येतं. आठही नाण्यांची वजनं, फोटो आणि जागेचा नकाशा जोडला. तहसीलला दोन हेलपाटे झाले, पोच मिळाली, तलाठ्यांनी येऊन पंचनामा केला. पुढचं उत्तर अजून यायचंय.

नव्या घराची चौकट श्रावणात बसली. आत्यानं हळदीकुंकू लावून दहाचं नाणं उजव्या कोपऱ्यात ठेवलं. गवंडी सिमेंट कालवायला लागला तेव्हा मी त्याला थांबवलं, मशीन आणून त्यावर दोनदा फिरवलं आणि आकडा वहीत लिहिला: उंबऱ्याखाली, उजवा कोपरा, चार बोटं.