गोळा पडतो कुठे ते बघायचं काम ओपीचं

मामांना डाव्या कानाने ऐकू येत नाही. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे, मान्य नाही ते फक्त मामांना. डावीकडून काही विचारलं की ते हसून "हो हो" म्हणतात, आणि मामी आतून ओरडतात, "उजवीकडून बोल गं, तिकडून तोफ गेलीये!" मामा म्हणजे माझे मामेसासरे. मूळचे सिन्नर तालुक्यातले, तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि विहितगावात घर बांधून राहिले. नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रापासून लांब जायला त्यांचा जीव तयार नव्हता, असं मामी म्हणतात. मामा म्हणतात, इथे प्लॉट स्वस्त होता.

देवळालीच्या फायरिंग रेंजवर जानेवारीत 'तोपची' नावाचा सराव दाखवतात. त्याचे पास मामांना मिळाले होते. नवऱ्याला रजा नव्हती, म्हणून मी एकटीच ठाण्याहून गेले. 'पंचवटी'त बसायला जागा मिळाली, यापलीकडे प्रवासात सांगण्यासारखं काही घडलं नाही. काळाराम, पांडवलेणी आणि मिसळ एका दिवसात उरकली. मिसळीबद्दल नाशिककरांशी वाद घालायची माझी इच्छा नाही, पण पापड मोडून त्यात बुडवण्याचं एवढं कौतुक कशाला ते मला अजून समजलेलं नाही.

सरावाच्या दिवशी अंधारातच निघालो. जानेवारीतल्या पहाटे नाशिकला जी थंडी असते ती आम्हा ठाण्याच्या माणसांच्या कल्पनेत नसते. अंगावर दोन स्वेटर घालूनही लोखंडी खुर्चीवर बसवेना. चारी बाजूंना माणसं होती. शाळेची मुलं, एनसीसीवाले, परदेशी अधिकारी आणि आमच्यासारखी पासवाली मंडळी. समोर उघडा माळ आणि त्यामागे बोडके डोंगर. तोफखान्याचं स्कूल आधी काकुलला, म्हणजे आताच्या पाकिस्तानात होतं. पुढे ते देवळालीला आलं. हे डोंगर कित्येक वर्षं मार खात आहेत.

मला वैताग आला तो गर्दीचा. मागच्या रांगेतले एक गृहस्थ फोनवर कुणाला तरी सगळं थेट ऐकवत होते. "रणगाडा आला, रणगाडा! अरे केवढा रणगाडा!" मामांनी दोनदा मान वळवून पाहिलं, तिसऱ्यांदा मात्र उठूनच गेले त्यांच्याकडे. "साहेब, रणगाड्याला शत्रू दिसतो. तो समोर बघून मारतो. ह्या तोफेला शत्रू दिसतच नाही. ही डोंगराच्या अलीकडे उभी राहते आणि गोळा पलीकडे टाकते. हिचा पत्रा गोळीला आणि उडत्या तुकड्यांना पुरतो, रणगाड्याच्या गोळ्याला नाही. रणगाड्यासमोर उभी केलीत तर आतले पाच जण मरतील." गृहस्थांनी फोन खाली घेतला. दहा मिनिटांत परत "रणगाडा" सुरू झालं, पण आवाज जरा खालच्या पट्टीत.

ती रणगाड्यासारखी दिसणारी, स्वतः चालणारी तोफ म्हणजे के-9 वज्र. मूळ दक्षिण कोरियाची, हान्व्हा कंपनीची, आपल्याकडे एल अँड टीने गुजरातेत हजिराला बनवलेली. 9 नोव्हेंबर 2018 रोजी ती लष्करात दाखल झाली ती इथेच, देवळालीत. तेव्हाच्या संरक्षणमंत्री निर्मला सीतारामन आणि लष्करप्रमुख बिपिन रावत आले होते. मामा त्या दिवशी बाहेरच्या रस्त्यावर उभे राहून ट्रेलर मोजत होते, हे मला मामींनी सांगितलं. वजन सुमारे 50 टन, इंजिन 1000 अश्वशक्तीचं, नळी 155 मिलिमीटरची आणि लांबी त्याच्या 52 पट, म्हणजे आठ मीटरच्या वर. आमच्या ठाण्याच्या हॉलमध्ये ती नळी तिरकी ठेवूनही मावणार नाही.

धुरळा उठला आणि त्यातून ती बाहेर आली. थांबली, नळी वर झाली, मी मोबाइलचं लॉक उघडेपर्यंत गोळे सुटलेही होते. आधी नळीच्या तोंडाशी उजेड दिसला, मग आवाज आला. आवाज किलोमीटरभर यायला साधारण 3 सेकंद घेतो हे शाळेत शिकले होते, पण उजेड आणि आवाज यांच्यामधल्या त्या वेळात पोटात जे होतं ते शाळेत शिकवत नाहीत. आवाज कानाआधी छातीत शिरतो. त्यानंतर बराच वेळ काहीच नाही, गोळा हवेत. सगळे मानेच्या शिरा ताणून समोरच्या डोंगराकडे बघतायत. तिथे करडा धूर उठला, टाळ्या पडल्या, आणि टाळ्या संपता संपता त्या स्फोटाचा आवाज येऊन पोचला.

मी मामांना दुर्बीण द्यायला वळले तर ते उलट दिशेला, तोफेकडे बघत होते. पुढच्या फैरीलाही तसंच. हजारो माणसं डोंगराकडे तोंड करून बसलेली आणि हे एकटे तोफेकडे. मला वाटलं, त्यांना ऐकू आलं नसेल की गोळा कुठे पडणार आहे. मी उजवीकडून सांगितलं, "मामा, तिकडे पडतोय, डोंगरावर."

"माहितीये. ते बघायचं काम ओपीचं."

ओपी म्हणजे पुढे कुठेतरी टेकडीवर बसलेला निरीक्षक. तो लक्ष्य बघतो, आकडे मागे कळवतो, गोळा पडला की डावीकडे-उजवीकडे दुरुस्ती सांगतो. तोफेवरच्या माणसाला फक्त आकडे ऐकू येतात. नोकरीत असंख्य गोळे मारले, पण त्यातला एकही पडताना पाहिला नाही, असं मामा सहज बोलून गेले. मी म्हटलं, मग आता बघा की, आता कुठे ड्यूटीवर आहात. त्यांनी दुर्बीण घेतली, काचा पुसल्या आणि परत तोफेकडेच लावली. "भरणारे किती वेळ घेतायत ते बघतोय."

तेवढ्यात वज्र जागेवरून निघूनही गेली होती. मारायचं आणि पळायचं, तिचा सगळा उद्योग तोच. हवेतल्या गोळ्याचा मार्ग पकडून तो कुठून सुटला हे रडार काढतं. आपल्याकडे 'स्वाती' आहे, समोरच्याकडेही तसंच काही असतंच. म्हणजे आपला गोळा पडायच्या आधीच आपला पत्ता शत्रूच्या हातात. ओढत न्यायच्या तोफेला गाडीपासून सोडा, पाय रोवा, मारा, परत गुंडाळा, असं सगळं करावं लागतं. बोफोर्सही ओढत न्यायचीच, पण तिला स्वतःचं छोटं इंजिन आहे. म्हातारीने काठी टेकत अंगण ओलांडावं तशी ती थोडी सरकली, आणि शाळेच्या मुलांनी वज्रपेक्षा जास्त दंगा तिच्यासाठी केला.

पिनाक रॉकेटं वगैरेही झाली. त्यांच्याबद्दल लिहायला हवं, पण माझं लक्ष उडालं होतं. 2024 च्या ऑक्टोबरात नाशिकमध्येच सराव करताना फील्ड गनचा गोळा फुटून दोन अग्निवीर गेले. दर टाळीला मामींना ते आठवत होतं. त्यांनी एकदाही टाळी वाजवली नाही.

नंतर तोफा जवळून बघायला सोडलं. वज्रपाशी एक जवान उभा होता, बोलण्यावरून कोल्हापूरकडचा. मामांनी आधी तोफेच्या चाकाला हात लावला, मग त्याच्याकडे पाहिलं.

"गोळा कोण उचलतं?"

"मशीन देतंय काका. दारूचे चार्ज तेवढे हातानं घालायचे."

"मग पाठी धड असतील तुमच्या."

"पाठ धड हाय, गुडघं न्हाईत. आत पाय पसरायला मिळत न्हाई."

"दिसतं का काही बाहेरचं?"

"कसलं काका! दारं लावून घेतली की भाईर दिवस हाय का रात, कळत न्हाई."

मामा खूश झाले. का, ते मला घरी जाताना रिक्षात समजलं. मामांची तोफ होती कॅटापल्ट. रशियन बनावटीची 130 मिलिमीटरची एम-46 तोफ विजयंता रणगाड्याच्या लांबवलेल्या सांगाड्यावर बसवून आपल्याकडे बनवलेली. डोक्यावर लोखंडी छप्पर, बाजू उघड्या. वाळू, ऊन, धूर सगळं अंगावर. गोळा 33 किलोचा, तो हातांनीच उचलायचा. आणि कानात? कापूस, तोही मिळाला तर.

1986-87 मध्ये राजस्थानात 'ब्रासटॅक्स' हा प्रचंड सराव झाला, तेव्हा मामा तिथे होते. तिथली ही गोष्ट त्यांनी रिक्षात सुरू केली आणि घरी पोचल्यावर दारात उभं राहून संपवली. रात्रीची चाल होती, दिवे बंद. पहाटे उजाडायला लागलं तर समोर दोन-तीन झोपड्या आणि त्यांच्यापुढे जमिनीलगत एक सारवलेली गोल जागा. त्या जागेवर एक बाई हात पसरून उभी. एवढं धूड धडधडत येतंय आणि ही जागची हलत नाही. चालकाने ब्रेक मारला, अधिकारी ओरडला, मामा खाली उतरले. तिची बोली यांना समजेना, यांची हिंदी तिला. शेवटी तिने वाकून एक झाकण उचललं. खाली पाणी होतं. टांका. पावसाचं पाणी साठवायची जमिनीखालची टाकी, वर्षभराचं प्यायचं पाणी त्यात. कॅटापल्ट त्यावरून गेली असती तर छत आणि तोफ दोन्ही खाली गेली असती.

मग वळसा घेतला तो मऊ वाळूतून, आणि ट्रॅक, म्हणजे चाकांवरचा लोखंडी पट्टा, उतरला. ट्रॅक उतरला की पुढे काय काय करावं लागतं ते मामांनी इतक्या तपशिलात सांगितलं की रिक्षावाल्याने मीटर बंद करून ऐकलं. हातोडे, पहारी, शिव्या. दुपार झाली. ती बाई परत आली ती डोक्यावर ताकाचं भांडं घेऊन. सगळ्यांना ताक दिलं, आणि मग तिथेच बसून ट्रॅक चढेपर्यंत बघत राहिली. मामा म्हणाले, "आम्हाला वाटलं, कौतुकाने बघतेय. तर नाही. आम्ही कुठल्या बाजूने निघतोय त्यावर तिची नजर होती."

आणखी 100 वज्रंचा करार डिसेंबर 2024 मध्ये झाला, 7,629 कोटींचा. हा आकडा मामांना तोंडपाठ आहे. मी पैशांबद्दल काही बोलायच्या आत त्यांनी मला लडाख ऐकवलं. 2021 मध्ये वज्र तिथे नेल्या, वाळवंटासाठी घेतलेली तोफ बर्फात उभी केली, वगैरे. मी वाद घातला नाही. रिक्षावाल्याने घातला, पण तो वेगळा विषय.

दुसऱ्या दिवशी मामींच्या माहेरच्या नात्यातल्या एका आजींकडे आंबेबहुल्याला गेलो. गावाच्या डोक्यावर बहुला किल्ला. तो रेंजच्या हद्दीत येतो, म्हणून गोळीबार असेल त्या दिवशी वर जायला बंदी. त्या दिवशी होता. मला किल्ले चढायची हौस नाही, त्यामुळे माझं काही बिघडलं नाही. आजींच्या ओट्यावर बसून चहा घेताना डोंगरामागून धडाधड आवाज येत होते. मांडणीवरची पातेली दरवेळी किणकिणत होती आणि घरातलं कुणी मान वर करून बघत नव्हतं. दचकत होते ती मी एकटी.

आजी भिंतीची भेग दाखवत नव्हत्या, मीच विचारल्यावर म्हणाल्या, "भिंतीचं काय, लिंपता येतं. म्हशीचं काय करू? तोफा सुरू झाल्या की पान्हा चोरते." पोरांना मात्र त्यांनी दम भरून ठेवलाय, पडलेलं लोखंड वेचायला डोंगराकडे फिरकायचं नाही म्हणून. न फुटलेला गोळाही लोखंडच दिसतो. भंगाराच्या भावापायी लोक जातात तरीही.

मग त्या मामांकडे वळल्या. "तू सुभेदार ना रे? सांग की त्यांना. सकाळच्या धारेला अर्धा तास थांबा म्हणावं."

"मावशी, मला रिटायर होऊन किती वर्षं झाली! माझं कोण ऐकतंय तिथे?"

"पास देतात की तुला."

"पास बघायचा असतो. सांगायचा नसतो."

"मग बघून आलास काय? गोळा कुठे पडला ते तरी पाहिलंस का?"

मामींनी तोंडाला पदर लावला. मामांनी खिशातून पेन काढलं, पासाचा कागद उलटा केला आणि विचारलं, "धार किती वाजता काढता?"