व्हिटियरचा बोगदा आणि आमची साडेबाराची बोट

गाडीतल्या घड्याळात ११:४७ झाले होते. टोलच्या खिडकीतल्या बाईंनी १३ डॉलर घेतले, पावती दिली, कुठल्या रांगेत गाडी लावायची ते बोटाने दाखवलं आणि हसून म्हणाल्या, "पुढची वेळ साडेबाराची." समोर डोंगरात बोगद्याचं तोंड दिसत होतं. दिवा लाल. दोन मिनिटांपूर्वी शेवटची गाडी आत गेलेली. बोगद्यापलीकडे हिमनद्या दाखवणारी आमची बोट, तीही साडेबाराचीच.

या गोष्टीला वर्ष होऊन गेलं. पण कुणी अलास्काचा विषय काढला की मला हिमनद्या आठवायच्या आधी तो लाल दिवा आठवतो. म्हणून हे लिहितेय.

व्हिटियर हे अलास्कातल्या अँकरेज शहरापासून साधारण ६० मैलांवरचं बंदर. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या २७२. आमच्या रत्नागिरीकडच्या एखाद्या वाडीएवढी. एकीकडे समुद्र, तिन्हीकडे डोंगर, आणि गाडीने गावात जायला वाट एकच, ती डोंगराच्या पोटातून. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने हा बोगदा आगगाडीसाठी खोदला. मोटारींना त्यातून सोडायला लागले ते थेट २००० साली. लांबी अडीच मैल, लेन एक, आणि रूळ त्याच लेनमध्ये काँक्रीटात बसवलेले. ज्या वाटेने आगगाडी जाते त्याच वाटेने आपण जायचं. त्यामुळे वेळा वाटून दिल्या आहेत. गावात जाणाऱ्यांना अर्ध्या तासाला, म्हणजे ९:३०, १०:३०, ११:३० असं. गावातून येणाऱ्यांना तासाच्या ठोक्याला. प्रत्येक वेळ पंधरा मिनिटांची. मधल्या वेळात आगगाडी जाते आणि आतला धूर पंख्यांनी बाहेर काढतात.

हे सगळं मी निघायच्या आधी वाचलं होतं. दोनदा वाचलं होतं. पण "साडेअकराची वेळ" याचा अर्थ मी आपल्या पद्धतीने लावला: साडेअकरा म्हणजे बाराच्या आत कधीही. ११:४५ ला दिवा लाल म्हणजे लालच, हे डोक्यात शिरलंच नाही.

आता उशीर का झाला ते सांगते, कारण सगळा दोष मी एकटीने घेणार नाही. आदल्या रात्री आई-बाबांना घेऊन सिअ‍ॅटलहून अँकरेजला उतरले, आणि सकाळी आठला भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर हजर झाले. कंपनीचं नाव घेत नाही. गाडीचं बुकिंग माझं, लायसन माझं, क्रेडिट कार्ड माझं. पण माझ्या पासपोर्टात नावाच्या रकान्यात माझं आणि वडिलांचं नाव एकापुढे एक आहे, ते तसंच लायसनवर उतरलंय. क्रेडिट कार्डावर मात्र फक्त माझं नाव आणि आडनाव. काउंटरवरच्या मुलाला वाटलं, या दोन वेगळ्या बायका. त्याने वरिष्ठाला बोलावलं, वरिष्ठाने कुणाला तरी फोन लावला. बाबा शेजारीच उभे होते. मी म्हटलं, "हे मधलं नाव ज्यांचं आहे ते हे, यांनाच विचारा." बाबांनी पासपोर्ट काढून दाखवला. त्याचा उपयोग शून्य. सव्वानऊ वाजता दुसरं कार्ड चाललं, ज्यावर मधलं अक्षर होतं. तर आपल्याकडच्या तीन नावांच्या माणसांनी लायसन आणि कार्ड शेजारी ठेवून घरीच बघून घ्यावं. डेबिट कार्डावर विसंबू नये, डिपॉझिटला ते चालेलच असं नाही.

तरी सव्वानऊला निघून पोचलो असतो. अंतर दीड तासाचं. पण सीवर्ड हायवे टर्नअगेन आर्मच्या काठाकाठाने जातो, एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला कडे, आणि आईला दर वळणावर उतरायचं होतं. बेलुगा पॉइंटला ती वीस मिनिटं पांढरे देवमासे शोधत उभी होती. एकही दिसला नाही. पुढे पोर्टेजजवळ वाळून उभी राहिलेली झाडं लागतात, राखाडी, पालवी नाही. १९६४ च्या भूकंपात, ९.२ तीव्रतेच्या, तिथली जमीन खचली, खारं पाणी मुळांत शिरलं आणि झाडं उभ्या उभ्या मेली. तिथेही थांबलो. गर्डवुडच्या फाट्यावर पेट्रोल भरलं, ते मात्र बरं केलं, पुढे भरवशाचा पंप नाही. आणि मग रस्त्याचं काम चालू.

तर आम्ही रांगेत. पावणेबारा ते साडेबारा.

ही पंचेचाळीस मिनिटं कशी गेली ते मलाच ठाऊक. जागा म्हणजे एक मोठं डांबरी पटांगण, रांगांना आकडे, प्रत्येक रांगेपुढे दिवा. आमच्या मागे एक लांबलचक घरगाडी येऊन लागली. तिच्यातल्या आजोबांनी खुर्ची काढली, थर्मास काढला आणि पुस्तक उघडलं. त्यांना बोट गाठायची नव्हती. मी बोटीच्या ऑफिसला फोन लावत होते. रेंज एक काडी, तीही येऊन-जाऊन. चौथ्यांदा लागला तेव्हा पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, "बोट वेळेवर सुटते. तुम्ही बोगद्याच्या अलीकडे आहात ना? रोज दोन-तीन फोन येतात." रोज! मग हे तिकिटावर मोठ्या लाल अक्षरांत का छापत नाहीत, असं विचारायचं होतं, तेवढ्यात फोन कटला. नंतर तिकीट नीट वाचलं. लाल नाही, पण छापलेलं होतं. १०:३० ची वेळ धरा, असं.

माझी चिडचिड आणि बाबांची शांतता, दोन्ही सारखी वाढत होती. बाबा एसटीत वाहक म्हणून लागले आणि वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. उभा जन्म दुसऱ्यांच्या चुकलेल्या गाड्यांची कारणं ऐकण्यात गेला. मी म्हटलं, "बाबा, दोन मिनिटं! दोन मिनिटांसाठी एक गाडी सोडता येत नाही यांना?" ते म्हणाले, "तुला सोडली तर मागच्याला का नाही? आणि समोरून आगगाडी आली म्हणजे?" मग त्यांनी मला करबुड्याचा बोगदा ऐकवला. कोकण रेल्वेचा, साडेसहा किलोमीटर, तोही एकेरी. "उक्षीला क्रॉसिंगला गाडी थांबली की कुणी इंजिनावर जाऊन भांडतं का? लोक उतरून पाय मोकळे करतात."

आईने तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा उघडला. मला तेव्हा पुरीचा वास सुद्धा नको होता. दोन खाल्ल्या.

बारा वाजता बोगद्यातून गाड्या बाहेर यायला लागल्या. बोटी ओढणारे ट्रक, बस, मग परत ट्रक. त्यांच्याकडे मी ज्या नजरेने बघत होते ते आईने पाहिलं आणि म्हणाली, "त्यांनी काय केलंय तुझं?" रेडिओवर १६१० एएम लावला तर बोगद्याच्या सूचना ऐकू येतात, हे मला पाटी वाचून तेव्हा कळलं. घाईत निघताना हे ऐकावं, कारण आगगाडीमुळे वेळ मागेपुढे होऊ शकते. आणि ज्यांनी टोल अजून भरलेला नाही त्यांनी रांगेत न लागता मागे पोर्टेज तळ्यावर जावं, दोन-चार मिनिटांवर आहे. तिथलं माहिती केंद्र १९८६ साली हिमनदी बघता यावी म्हणून बांधलं. आता केंद्रातून हिमनदी दिसतच नाही, इतकी ती मागे सरकली आहे. हे आम्ही दुसऱ्या दिवशी पाहिलं आणि बाबा पहिल्यांदाच गप्प झाले.

साडेबाराला हिरवा दिवा. ताशी २५ मैल, पुढच्या गाडीपासून अंतर राखून, चाकांखाली रूळ, वर ओबडधोबड काळा कातळ, त्यातून पाणी ठिबकतंय. सहा-सात मिनिटं. पलीकडे बाहेर पडलो तर पाऊस, आणि धक्क्यापासून लांब जाणारी एक पांढरी बोट. आमचीच असेल असं नाही. मी ती आमचीच मानली.

बोटीच्या ऑफिसातली मुलगी फोनवरचीच निघाली. पैसे परत नाहीत, पण उद्याच्या फेरीत जागा आहे, बदलीचा आकार भरा. भरला. आमचा डेनाली पर्वताच्या बाजूचा एक दिवस गेला तो गेलाच.

मग सबंध दुपार गावात. गाव म्हणजे खरं तर एक इमारत. बेगिच टॉवर्स, चौदा मजली, लष्कराने बांधलेली. गावातले बहुतेक लोक तिच्यातच राहतात. खाली पोस्ट, छोटं दुकान, आणि शाळेत जायला भुयारी वाट, म्हणजे हिवाळ्यात मुलांना बाहेर पडायला नको. आईने वर बघून विचारलं, "यांची सोसायटीची मीटिंग म्हणजे ग्रामसभाच की." इथे पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला सुमारे ५००० मिलिमीटर पडतं, महाबळेश्वरच्या आसपास. छत्री नेऊ नका, वारा ठेवत नाही. रेनकोट, तोही टोपीचा, आणि जुलैतही आतून लोकर. गाडी लावायला पैसे पडतात. बंदराकडून गावाकडे जायला रेल्वे यार्डाखालून पादचारी भुयार आहे. आम्ही ते न दिसल्याने भिजत लांबून गेलो.

दुसऱ्या दिवशी मी साडेसहालाच सगळ्यांना उठवलं. साडेनवाच्या वेळेला आम्ही सव्वानऊला रांगेत पहिले. परत १३ डॉलर. व्हिटियरमध्ये पावणेदहाला, बोट साडेबाराला. पावणेतीन तास काय करायचं, असं कुणी विचारलं नाही. विचारायची सोय नव्हती.

बोटीवरचं थोडक्यात सांगते, कारण तिथे काहीच अडलं नाही. बंदरासमोरच्याच कड्यावर किटीवेक नावाच्या पक्ष्यांची वसाहत आहे, हजारोंनी, आणि कलकलाट एवढा की सांगणाऱ्याचा आवाज ऐकू येईना. धबधबा त्यांच्या मधूनच पडतो. पाणमांजरं पाठीवर तरंगत पोटावर शिंपला ठेवून खात होती. यांच्या अंगावर चरबीचा थर नाही, सगळी ऊब केसांची, आणि एवढे दाट केस दुसऱ्या कुठल्या सस्तन प्राण्याला नाहीत. १९८९ मध्ये याच प्रिन्स विल्यम साउंड नावाच्या आखातात एक्सॉन वाल्डीझ जहाज खडकावर आपटून तेल सांडलं, तेव्हा तेलाने तेच केस चिकटले आणि ती हजारोंनी मेली. ब्लॅकस्टोन बेमध्ये दोन हिमनद्या थेट समुद्रात उतरतात. कप्तानाने इंजिन बंद केलं. निळ्या भिंतीतून एक तुकडा सुटला, आधी दिसला, मग क्षणाने आवाज आला, तोफेसारखा. आई म्हणाली, "अगं बाई," आणि मग अर्धा तास काहीच नाही. खलाशाने जाळीने बर्फाचा एक गोळा वर काढून हातात दिला. बाबांनी तो चाखला. मीठ नाही, म्हणाले.

प्राणी बघायचे तर दुर्बीण हवीच. सील लांबच्या बर्फाच्या तुकड्यांवर पडलेले असतात, साध्या डोळ्यांना ते मळके ठिपके दिसतात. आईला बोट लागते म्हणून मी सीवर्ड बंदराऐवजी व्हिटियर धरलं होतं, कारण सीवर्डच्या फेऱ्या खुल्या समुद्राच्या तोंडापर्यंत जातात आणि इथलं पाणी बेटांच्या आड आहे. तो हिशेब बरोबर निघाला, आईने गोळी घेतली नव्हती तरी तिला काही झालं नाही. एवढं श्रेय माझं.

पावणेपाचला बोट धक्क्याला लागली. पाचची वेळ पंधरा मिनिटांवर. सगळी बोट धावत सुटली, पार्किंगमधून गाड्या मागेपुढे, हॉर्न. मीही किल्ली काढली होती. बाबांनी हात धरला. "सहाची घेऊ," म्हणाले. "आधी काहीतरी खा." मग आम्ही धक्क्यावर बसून हॅलिबट माशाचे तुकडे आणि उरलेल्या पुऱ्या खाल्ल्या, समोरून पाचची रांग बोगद्याकडे सरकताना बघत. परतीला टोल नाही आणि रात्री अकराच्या वेळेपर्यंत बोगदा चालू असतो, उजेडही असतो, तेव्हा खरंच घाई कशाची.

साडेपाचला मात्र बाबांनीच उठवलं. रांगेत पुढून तिसरे. बरोबर सहाला दिवा हिरवा झाला, पुढच्या दोन गाड्या सुटल्या, आणि मागच्या सीटवरून बाबा म्हणाले, "टिंग टिंग."