धाब्याखालची खोली मागा

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) तोंडावर जळगाव जिल्ह्यातल्या यावलकडच्या एका जुन्या गढीत दोन रात्री काढल्या. गढीचं आता पर्यटक निवास झालंय. बाहेर पारा ४४ वर, पण ढेलज (दाराची देवडी) ओलांडून आत आलं की कूलरची आठवणही होत नाही. ही करामत धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची.

सागाच्या तुळया, त्यावर आडव्या लाकडी पट्ट्यांचं किलचन, वर कडुनिंबाचा पाला, मग वीत-दीड वीत माती आणि शेवटी पांढरी खारी माती. पाणी पडलं की ही खारी भेगांत उतरून बसते. मृगाआधी तिचा नवा थर द्यायचा, गवत उपटायचं, पन्हाळी मोकळ्या करायच्या. गवत राहिलं तर त्याच्या मुळांच्या वाटेनंच पाणी घरात येतं.

इथे मात्र पूर्वेच्या चार खोल्यांवर सिमेंटचा कोबा ओढलाय. उन्हाने लाकूड-माती हलते, कोबा हलत नाही, म्हणून तडकतो. तड्यातून गेलेलं पाणी वर सुकत नाही. ते तुळईच्या भिंतीत गाडलेल्या टोकाशी मुरतं. तिथे नख लावलं तर सागाचा भुसा हाताला येतो! आणि याच खोल्या 'डीलक्स', भाडं दीडपट. पश्चिमेकडची साधी खोली मागा.

मागची बाग मोटेच्या पाण्यावर आखलेली. बैलांची धाव, मोटेचं पाणी पडायचं दगडी थारोळं, तिथून लिंबूच्या झाडांकडे उतरणारा पाट, सगळं जागेवर आहे. विहीर तेवढी कोरडी. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात भूजल खोल गेलंय, सगळी मदार ट्यूबवेलवर. आता ठिबक आहे, पण नळी थेट लिंबाच्या बुंध्याला गुंडाळलेली. पाणी ओढणारी बारीक मुळं फांद्यांच्या घेराच्या कडेला असतात, तोट्या तिकडे हव्यात. खोड सतत ओलं राहिलं की डिंक्या रोग धरतो. दोन झाडांच्या सालीवर मधासारखे थेंब आलेच होते. माळ्याला दाखवलं, तो म्हणाला, "सांगून थकलो, दादा."

दुसऱ्या दिवशी सातपुड्यातल्या पाल गावचं जंगल पाहिलं. मे महिन्यात तिथे पानगळच जास्त.

जेवणाला नाव ठेवायला जागा नाही. पुरणपोळी हातावरच फिरवत कोपरापर्यंत मोठी करून पालथ्या खापरावर टाकतात, सोबत आमरस. भरीत मात्र मागू नका. ते हिवाळ्यातल्या हिरव्या वांग्याचं, कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळावर भाजून लाकडी बडगीत ठेचलेलं. इथे उन्हाळ्यातही वाढतात, मिक्सरमधून काढलेलं.